शिपायाचा रियाज

पोलिसांत भरती होताना उमेदवाराचा दम पाहतात. भरती झाल्यावर तो दम उरला आहे की नाही, हे पुढे कोणी फारसे विचारीत नाही. महाराष्ट्रात पुरुष उमेदवाराला १६०० मीटर धावून दाखवावे लागते, गोळा फेकावा लागतो. गोव्यातही मैदानी चाचणी असते, मग वाळपईच्या शाळेत शिक्षण. त्यानंतर ठाणे, बंदोबस्त, रात्रपाळी, अवेळी जेवण आणि हळूहळू सैल करावा लागणारा कमरपट्टा!

माझे वडील दरबारी गवई. दरबारात मान मिळाला म्हणून त्यांचा पहाटेचा खर्ज कधी चुकला नाही. गळ्याची तीच शरीराची गत. कमावलेला दम रियाज सुटला की काही आठवड्यांत उतरू लागतो.

शिकवणीच्या निमित्ताने पेडण्याला माझे जाणे-येणे असते. तालुका लहान, पण तिथल्या शिपायाचे काम लहान नाही. पत्रादेवीचा नाका, मोरजी-हरमलचे किनारे, २०२३ च्या जानेवारीपासून वाहता झालेला मोपाचा विमानतळ, आणि कोजागरीला पेडण्याची पुनव! त्या रात्री लोक देवदर्शनाला येतात, शिपाई मात्र उभाच असतो. पाठ, गुडघे, रक्तदाब, साखर यांची दुखणी अशाच उभ्या रात्रींतून जडतात.

याच पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. पंजाबचा तरुण कर्नेलसिंग तिथेच पडला. आजच्या शिपायाचे बळ लोकांच्या रक्षणासाठी आहे. ज्याच्या छातीत दम आहे तो गर्दीत शांत राहू शकतो. जो धापा टाकतो त्याचा तोल लवकर सुटतो आणि हात लवकर काठीकडे जातो. म्हणून शिपायाची तब्येत हा त्याच्या एकट्याचा खासगी प्रश्न नव्हे.

आमच्या संस्थानी मुलखाला ही गोष्ट नवी नाही. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे मैदान बांधले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळाशाळांतून नेले. हेलसिंकीला १९५२ साली कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव १९५५ मध्ये पोलीस खात्यातच फौजदार म्हणून दाखल झाले. खात्याला आदर्श बाहेरून आणण्याची गरज नाही.

मग करावे काय? २१ जूनला मैदानावर चटया अंथरून छायाचित्रे काढल्याने भागणार नाही. एक दिवसाच्या मैफलीने गळा तयार होत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारी मेहनत सांगते. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. एवढा वेळ कामाच्या तासांत धरावा. सुट्टीतून कापू नये. रात्रपाळी करून आलेल्याला आधी झोप द्यावी. पंचविशीचा आणि पन्नाशीचा शिपाई एकाच मापाने धाववू नये. विलंबित आणि द्रुत यांचा भेद उस्तादाला कळतो, तसा तो कवायत घेणाऱ्यालाही कळावा. व्यायाम ही शिक्षा म्हणून तर कधीच देऊ नये.

सूर्यनमस्काराला चटईएवढी जागा पुरते, आणि ती कोणत्याही ठाण्याच्या अंगणात निघेल. अडते ते वेळापत्रकात. तो अर्धा तास वरिष्ठांनी लिहून द्यावा, आणि पहिल्या दिवशी स्वत: रांगेत उभे राहावे.