फ्रिजच्या पाठीला वारा हवा
ऑस्ट्रेलियात पारा 40 अंशांपुढे गेला की कॅरव्हॅनमधला गॅसवरचा फ्रिज मान टाकतो आणि लोक थेट नव्या फ्रिजची चौकशी करतात. माझ्या मते, आधी त्याच्या पाठीमागे कोंडलेली हवा तपासावी. 1922 मध्ये स्टॉकहोमच्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या विद्यार्थ्यांनी शोधलेल्या या यंत्रणेत कॉम्प्रेसर नसतो; आच देऊन अमोनिया फिरवला जातो. मागच्या पत्र्याच्या पात्यांवाटे उष्णता बाहेर पडली नाही, तर अमोनिया नीट द्रवरूपच होत नाही. मागे ऐसपैस जागा असली की झाले, हा समज चुकीचा आहे. हवा सोपी वाट धरते आणि पात्यांना वळसा घालून वर जाते. वाकवलेला पत्रा बसवून ती वाट अडवली, की गाडीच्या भिंतीतल्या खालच्या जाळीतून आलेली हवा पात्यांमधूनच वरच्या जाळीकडे जाते.

हवा ओढायला जोडीला पंखा लावला तर बॅटरी उतरेल, ही शंका रास्त आहे. पण संगणकातला 12 व्होल्टचा छोटा पंखा जेमतेम दोन-तीन वॅट घेतो, आणि थर्मोस्टॅट लावला तर गरजेपुरताच फिरतो. कॉम्प्रेसरचा फ्रिज उन्हात सरस, हेही खरे. मात्र कोंदट खणात तोही जास्त वेळ चालून बॅटरी खातो. आपल्याकडेही महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. इथे गाड्या बांधणाऱ्यांनी या जाळ्या आराखड्यातच धराव्यात.