होमरची साक्ष

चंद्रपूर-गडचिरोलीत दारूबंदीचा विषय निघाला की एक सुशिक्षित युक्तिवाद हमखास पुढे येतो. मद्य माणसाइतकेच जुने; होमरचे वीरही वाइन पीत; गोंडांच्या देवालाही मोहाची दारू लागते; तेव्हा बंदी म्हणजे शहरी सोवळेपणा. हा पूर्वपक्ष ऐकायला भारदस्त आहे, पण त्याने बोलावलेला साक्षीदारच उलटतो.

‘इलियड’मध्ये रणातून आलेल्या हेक्टरला आई वाइन देऊ करते, अंगातले बळ जाईल म्हणून तो नाकारतो. अ‍ॅगमेम्नॉनवर भडकलेला अ‍ॅकिलीस त्याला आधी दारुडा म्हणतो, मग भित्रा. ‘ओडिसी’तला एल्पेनोर नशेत जादूगारीण सर्सीच्या छपरावरून पडून मरतो. मारोन या पुजाऱ्याने दिलेल्या कडक वाइनच्या एका पेल्यात वीस मापे पाणी घालत. तीच वाइन बिनपाण्याची ढोसतो तो एकडोळ्या पॉलिफेमस, आणि डोळा गमावून बसतो. त्याच्या जमातीला ना सभा, ना कायदा, हे होमरने आधीच सांगून ठेवले आहे. पुढे ग्रीकांच्या बैठकीतही पाणी किती घालायचे हे प्रमुख ठरवी. परंपरा पिण्याची होती, तशीच आवरण्याचीही होती.

मोहाचेही तेच. त्याची फुले खाल्ली जातात, बियांचे तेल निघते, आणि दारू देवाला, लग्नाला, सणाला लागते. त्या पूजेच्या आडोशाने रोज संध्याकाळी उधारीवर विकल्या जाणाऱ्या बाटलीला संस्कृती म्हणणे हा मोहाचाच अपमान आहे.

‘पण बंदी फसते ना?’ हा दुसरा आक्षेप खरा, पण अर्धा. गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे आणि चोरटी दारूही आहे. चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 ला बंदी आली. अवैध विक्री आणि गुन्हेगारीचे कारण देत 2021 मध्ये ती उठवली गेली. बंदी मंत्रिमंडळाने दिली, मंत्रिमंडळानेच काढली. मुंबईत ठरलेला निर्णय मुंबईतच फिरला. यातून बंदीची निरर्थकता सिद्ध होत नाही. निर्णय कोणाच्या हाती होता, एवढेच दिसते.

ग्रीकांची खरी उणीवही इथेच होती. त्या बैठकीत घरच्या बायकांना प्रवेश नव्हता. मर्यादा पिणाऱ्यांनीच पिणाऱ्यांसाठी ठरवायची! आपल्याकडे मात्र मर्यादा मागायला उठल्या त्या बायकाच. दारूमुक्तीसाठी त्यांनी 2010 मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत पायी मोर्चा नेला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने तर सर्वसहमतीने, पूजेपुरता अपवाद ठेवून, दारू बंद केली. देवही राखला, घरेही राखली.

म्हणून माझा पक्ष सरसकट बंदीचा नाही आणि सरसकट मोकळिकीचाही नाही. अनुसूचित क्षेत्रात 1996 च्या पेसा कायद्याने दारूबंदीचा आणि नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभेला मान्य केला आहे; इतरत्र महिलांना मतदानाने बाटली आडवी करता येते. हे अधिकार कागदावरून चावडीवर यावेत. गावाने ठरवावे, बायकांचे मत निर्णायक असावे, आणि पोलीस व उत्पादन शुल्क खात्याने तो निर्णय आपलाच समजून राबवावा. दारूचा महसूल सरकारच्या तिजोरीत जातो, तिची किंमत घरात मोजली जाते. पहिला शब्द किंमत मोजणाऱ्यांचाच हवा.