जालन्याची मुलगी आयोवात, आयोवाची जालन्यात

एका वाचक भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांची सतरा वर्षांची कन्या रोटरीच्या युवा-विनिमय योजनेतून एक वर्ष परदेशी जाऊ इच्छिते. पित्याची संमती आहे, आजोबांची नाही, आणि मातेचे मन दोहोंकडे ओढले जात आहे. परक्या घरी, परक्या माणसांत मुलगी राहील कशी, असे त्या विचारतात. प्रश्न रास्तच आहे. परंतु त्याची एक दुसरी बाजू त्यांच्या पत्रात कोठेच आढळली नाही; म्हणून या महिन्याचे पान आम्ही त्याच विषयाला देत आहो.

आमची एक भाची जालन्यास दिली आहे. बियाण्यांची उगवणशक्ती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती काम करते. २००६ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, 'ग्रुप स्टडी एक्स्चेंज' या योजनेत तिची निवड झाली आणि चार आठवड्यांसाठी ती अमेरिकेतील आयोवा या संस्थानात जाऊन आली. ही योजना रोटरी फाउंडेशनने १९६५ साली काढली आणि २०१३ साली बंद केली. तिची रीत मोठी शहाणपणाची होती. पंचवीस ते चाळीस वर्षे वयाची, निरनिराळ्या व्यवसायांतील चार-सहा माणसे निवडावयाची. ती स्वतः रोटरीची सभासद नसावीत, सभासदांची आप्तेष्टही नसावीत. त्यांच्याबरोबर पुढारी म्हणून मात्र एक सभासद द्यावयाचा. विमानभाडे फाउंडेशन देई, आणि राहण्याजेवण्याची सोय तेथील मंडळी आपापल्या घरी करीत. दोन देशांतील दोन विभागांची जोडी लावलेली असे, म्हणजे आपली तुकडी तिकडे गेली की त्यांची इकडे यावयाची. आमच्या सांगण्याचा सारा रोख या शेवटल्या कलमावर आहे.

निवड झाली तेव्हा भाचीचा मुलगा दोन वर्षांचा होता. त्याला टाकून जावे की न जावे, यावर त्या घरात आठ दिवस खल चालला. जावईबापू गप्प होते आणि विहीणबाईंना ते पसंत नव्हते. निकाल दिला तो ऐंशी वर्षांच्या आजेसासूबाईंनी. परदेशगमनाचे नाव काढताच आपल्या घरांतील वडीलधारी माणसे अजूनही थोडी बिचकतात, आणि त्याला इतिहासही तसाच आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस निघाल्या तेव्हा केवढा गहजब झाला! तेथे न्यू जर्सीतील एका कार्पेंटरबाईंनी त्यांना पोटच्या मुलीसारखे घरात ठेवून घेतले, ही गोष्ट मात्र आपण तितक्या आवर्जून सांगत नाही. आणि परदेशी जाण्याचे कशाला, १८९० साली पुण्यातल्या पुण्यात, पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांसारख्यांवर प्रायश्चित्ताची पाळी आली होती. आजेसासूबाईंचे सोवळे त्याच परंपरेतले. त्या नकार देतील असेच सर्वांना वाटत होते. परंतु त्या म्हणाल्या, "मी नाही का परदेशी जाऊन आले? अठ्ठेचाळीस साली रझाकारांच्या भयाने रात्रीतून देऊळगावराजाला गेलो, दोन महिने एका अनोळखी बाईच्या माजघरात राहिलो. परक्याच्या घरी राहून कोणी मरत नाही. पोराला मी सांभाळते."

तरुण वाचकांसाठी सांगतो : १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होते आणि देऊळगावराजा वऱ्हाडात, म्हणजे हिंदी संघराज्यात. अंतर जेमतेम पंधरा-वीस मैलांचे. परंतु मध्ये सरहद्द होती आणि तिच्या अलीकडील कित्येक कुटुंबे त्या वर्षी पलीकडे आश्रयास गेली होती.

आयोवात भाचीची घरे दर तीन-चार दिवसांनी बदलत. नवे गाव, नवे यजमान, न्हाणीघरातला नवा नळ! कोणता डावीकडे फिरवावयाचा आणि कोणता उजवीकडे, हे शिकेपर्यंत निघण्याची वेळ होई, असे ती सांगते. जेवणाचे हाल होतील अशी इकडे सर्वांना धास्ती होती. पण ते फारसे झाले नाहीत. मांस खात नाही म्हटल्यावर बहुतेक घरी चीज, पाव, बटाटे आणि कच्चा भाजीपाला पुढे येई. एका वृद्ध यजमानीणबाईंनी तर आपल्या सुनेकडून काही पाककृती शोधवून मसुरीची आमटी करून ठेवली होती. तिच्यात साखर पडली होती आणि मीठ राहिले होते. भाचीने दोनदा मागून घेतली.

तिला सर्वांत ओळखीची वाटली ती तेथील जमीन. एप्रिल संपत आला होता, मक्याची पेरणी चालू होती, आणि दृष्टी पोचेल तेथवर काळीभोर माती उघडी पडली होती. "मामा, अगदी आपल्या अंबड-परतूरकडची काळी! फक्त बांध नाहीत आणि माणसे नाहीत." हजार एकरांचे शेत बाप आणि मुलगा असे दोघे मिळून पाहतात आणि यंत्र एका खेपेस सोळा-सोळा ओळी पेरीत जाते. संकरित मक्याच्या बियाण्याचा मोठा धंदा याच भूमीत वाढला. हेन्री वॉलेस यांनी आपली बियाण्यांची कंपनी येथेच १९२६ साली काढली. हरितक्रांतीचे नॉर्मन बोरलॉगही आयोवाचेच. त्यांनी स्थापन केलेला जागतिक अन्न पुरस्कार राजधानी दे मॉइनमध्ये दिला जातो, आणि १९९८ साली तो जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना मिळाला होता. १९६४ साली जालन्यात बियाण्यांची कंपनी काढून त्यांनी या गावाचे नाव शेतकऱ्यांच्या तोंडी बसविले. त्यामुळे 'जालना' हे नाव दे मॉइनमध्ये दोघाचौघांना ठाऊक निघाले. औरंगाबादेच्या शेजारी, वेरूळच्या पलीकडे, असे सांगत बसण्याची तयारी करून गेलेल्या मुलीला याचा केवढा आनंद झाला असेल!

रोटरीच्या साप्ताहिक भोजनसभांतून या पाहुण्यांना आपापल्या गावाची माहिती चित्रांसह सांगावी लागे. भाचीच्या चित्रांत समर्थांचे जन्मगाव जांब होते, राजूरचा गणपती होता, मोसंबीची बाग होती. आणि कपाशीच्या बीजोत्पादनाचे एक चित्र होते. त्यात एक मुलगी पिवळ्या फुलांत उभी राहून परागीकरण करीत आहे. चित्र फार देखणे होते म्हणून तिने ते घेतले होते. संकरित कपाशीचे काम सारे हातांचे. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी हेरून तिचे पुंकेसर काढून टाकावयाचे, आणि सकाळी नरझाडाचे फूल आणून तिच्यावर घासावयाचे. एका गावातील सभेत मागच्या रांगेतून एक वृद्धा उठली. ती निवृत्त शिक्षिका होती. तिने एवढेच विचारले की, हे चित्र कोणत्या वेळी घेतले? भाची म्हणाली, सकाळी दहाच्या सुमारास. वृद्धेने पुन्हा विचारले, मग त्या दिवशी शाळेला सुट्टी होती काय?

सुट्टी नव्हती. भाचीने तसे सांगितले. ते काम सकाळीच करावे लागते, ती मुलगी तेरा वर्षांची असावी, आणि त्या हंगामात तिच्यासारख्या पुष्कळ मुली शाळेत नसतात, हेही सांगितले. सभेत क्षणभर शांतता पसरली. तेव्हा यजमान शेतकऱ्याने सावरून घेण्याच्या हेतूने म्हटले की, आमच्याकडेही मुले चौदाव्या वर्षापासून जुलै महिन्यात मक्याचे तुरे खुडावयास जातात. माझी मुलगीही गेली होती. तेही संकरित बियाण्याचेच काम होय : मादीओळींचे तुरे पराग सुटण्यापूर्वी खुडले की झाले. त्या मजुरीतून त्याच्या मुलीने सायकल घेतली होती. भाची म्हणाली, "तुमची मुलगी सुट्टीत गेली. आमची सुट्टी घेऊन गेली आहे, आणि तिच्या मजुरीचे पीठ येते."

रात्री तुकडीच्या पुढाऱ्यांनी तिची कानउघाडणी केली. आपण येथे देशाचे प्रतिनिधी म्हणून आलो आहो, घरची लाज वेशीवर टांगावयास नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे सर्वस्वी चुकले असे आम्ही म्हणणार नाही. परक्यांच्या कुत्सित नजरेचा अनुभव असलेल्या माणसाला असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या घरचे मीठ (आणि साखरही!) आपण खातो, त्या घरच्या माणसाने सरळ प्रश्न विचारला असता त्याला वाकडे उत्तर देणे हाही पाहुण्याचा धर्म नव्हे. आमचा कौल भाचीकडे आहे.

तेथील मंडळी तरी सर्व काही दाखवीत होती असे नाही. एका गावाच्या कडेला स्पॅनिश पाट्यांची एक गल्ली तिला गाडीतून दिसे. तेथे कोण राहते असे विचारता, मांसाच्या कारखान्यातील कामकरी, एवढेच उत्तर मिळे, आणि गाडी पुढे जाई. दोन वर्षांनी, मे २००८ मध्ये, त्याच संस्थानातील पोस्टव्हिल नावाच्या लहानशा गावी सरकारने अशाच एका कारखान्यावर धाड घालून एका दिवसात ३८९ कामकरी पकडले. ते बहुतेक ग्वाटेमाला व मेक्सिको येथून आलेले होते. ती बातमी वाचून भाचीने आम्हांला लिहिले होते की, त्या गल्लीत आम्हांला कोणीच नेले नाही.

आता जोडीचा दुसरा अर्धा भाग. त्याच वर्षी दिवाळीनंतर आयोवाची तुकडी इकडे आली आणि तिच्यातील एक तरुण शिक्षिका चार दिवसांसाठी भाचीच्या सासरी, जुन्या जालन्यातील घरी उतरली. योगायोगाने आम्हीही तेथे होतो. तयारीचा थाट लग्नघरासारखा होता. पाणी उकळून गाळून ठेवले, मिरची बेताची केली, काटेचमचे शेजाऱ्यांकडून आणविले. आजेसासूबाईंचे सोवळे मोडू नये म्हणून स्वयंपाकघराच्या आतल्या भागात पाहुणीने जाऊ नये, असे भाचीने तिला इंग्रजीत फार नाजुकपणे समजावून सांगितले. ती बिचारी उंबऱ्यापाशी चपलांसारखी थबकून उभी राही.

त्या घरात भांडी घासावयास एक बाई येत असे. तिचा चहाचा कप निराळा होता. जाड, निळ्या फुलांचा, कान तुटलेला असा तो कप मोरीजवळच्या कोनाड्यात पालथा ठेवलेला असे. असा कोनाडा आमच्या कित्येक वाचकांना शोधावयास दूर जावे लागणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणी सर्वांच्या आधी उठली, आणि आतल्या भागात जावयाचे नाही हे लक्षात असल्यामुळे बाहेरच्या मोरीजवळ हाताशी लागला तो कप तिने उचलला, विसळला, आणि ओसरीवर येऊन चहासाठी पुढे केला.

भांडी घासणारी बाई हातात राखेचा चोथा घेऊन तशीच उभी राहिली. विहीणबाईंचा चेहरा उतरला. भाची कप बदलून घेण्यासाठी पुढे झाली, तोच आतून आजेसासूबाईंचा आवाज आला, "राहू दे गं. पाहुणीने घेतला तो पाहुणीचा. हिला मांडणीतला दे." त्या दिवशी भांडी घासणारीला घरातल्या कपबशीतून चहा मिळाला. त्यावर कोणी चकार शब्द बोलले नाही. आणि पाहुणीला, आम्हांला वाटते, शेवटपर्यंत काहीच कळले नाही.

यावरून ते घर सुधारले असे कोणी समजू नये. आजेसासूबाईंचे सोवळे पुढेही तसेच चालले. त्यांचा स्वतःचा तांब्या पोटच्या मुलांनीसुद्धा शिवावयाचा नसे. पाहुणी वेरूळला गेली, जांबला गेली, आणि आपल्या मार्गाने परत गेली. चार-सहा दिवसांनी भांडी घासणारीने आपला जुना कप आपणच मागितला. घरातल्या कपात चहा फार थोडा बसतो, अशी तिची तक्रार होती. तो कप निघाला तो मांडणीतून; कारण पाहुणीमागून कोणीतरी तो इतर कपांबरोबर तेथे लावून टाकला होता.

आता वाचक भगिनीस उत्तर. मुलीस अवश्य पाठवावे. वर्षभरात तिला एकाहून अधिक कुटुंबांत ठेवतात; त्या कुटुंबांची माहिती आधी मागवून घ्यावी, त्यांच्याशी पत्रव्यवहार करावा, आणि मुलीला निदान भात-आमटी स्वतः करता येईल एवढे शिकवून पाठवावे. आजोबांना परक्या घराची काळजी वाटते, ती अशाने पुष्कळशी निवेल. परंतु या योजनेत आपली मुलगी गेली म्हणजे त्यांचे मूल आपल्याकडे ठेवून घेण्याची अपेक्षा बहुधा असतेच. तेव्हा तो परका मुलगा किंवा मुलगी आपल्या घरी कोठे निजेल, कोठे जेवेल, कोणत्या कपातून चहा घेईल, हे आजोबांना जवळ बसवून आधी ठरवावे आणि मग अर्ज भरावा.