चाळीस दिवसांची मशागत आणि ईस्टरची बिडी

प्रिय धर्मग्रामस्थहो,

राखेच्या बुधवारी कपाळी राख लावून घेताना आपल्यातील कितीतरी पुरुष मंडळी सांगून जातात, "फादर, आता चाळीस दिवस बिडीला हात लावणार नाही." बहुतेक जण शब्द पाळतातही. पण ईस्टरच्या सकाळी मिस्सा आटोपून बाहेर पडावे, तो फाटकाशी पुन्हा धूर! तो पाहून आम्हांला राग येत नाही, हळहळ वाटते. ती का, हे आज सांगावयाचे आहे.

आधी शरीराची बाजू पाहू. पिकावर मावा पडला की तंबाखूचा काढा फवारण्याची रीत शेतकऱ्यांना जुनी आहे. त्या काढ्यात मावा मारणारे जे द्रव्य असते तेच निकोटिन. धुरावाटे ते फुफ्फुसांतून रक्तात उतरते आणि काही सेकंदांतच मेंदूला पोचते. क्षणभर तरतरी वाटते. सुमारे दोन तासांत त्याचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येते, आणि मेंदू पुन्हा मागणी करू लागतो. माणूस म्हणतो, "बिडीने डोके शांत होते." खरे पाहता जी तगमग शांत होते ती आधीच्या बिडीनेच लावलेली असते.

"बिडी म्हणजे झाडाचे पान, तंबाखूही चिमूटभर; सिगारेटपेक्षा बरी," असेही आम्ही ऐकतो. हा समज चुकीचा आहे. तेंदूच्या पानातून हवा आत शिरत नाही, म्हणून बिडी विझू नये यासाठी ती वरचेवर आणि जोराने ओढावी लागते. त्यामुळे डांबर आणि विषारी वायू छातीत अधिकच जातात. तोंडाचा, घशाचा व फुफ्फुसाचा कर्करोग, हृदयविकार, जुनाट खोकला आणि दम लागणे हे त्याचे फळ. क्षयरोगाचा धोकाही धूम्रपानाने वाढतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील प्रौढांपैकी २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले. आपल्या मध्य प्रदेशात हे प्रमाण त्याहून जास्त होते.

आता सोडल्यावर काय होते? पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण. चिडचिड होते, झोप मोडते, कामात लक्ष लागत नाही, भूक वाढते, पोट साफ होत नाही. काहींना खोकलाही वाढल्यासारखा वाटतो. घरच्यांनी या दिवसांत त्याचे बोलणे मनावर घेऊ नये. तीन-चार आठवड्यांत हा त्रास बहुतांशी ओसरतो. म्हणजे बघा, ईस्टर उजाडतो तोवर शरीराची मागणी जवळजवळ संपलेली असते! अवघड नांगरट झाली, आणि पेरणीच्या दिवशी आपण शेत सोडून घरी आलो, असाच हा प्रकार. आमची हळहळ ती हीच.

मग ती बिडी पेटते कशाने? मनाने. रात्रीची वीज आली म्हणून गव्हाला पाणी द्यायला निघालो, थंडी आहे, बांधावर शेकोटी आहे, सोबत्याने बंडल पुढे केले. मंडीत सोयाबीनचा भाव पडला, घरी बोलाचाली झाली, चहा पोटात गेला, की हात खिशाकडे वळलाच. खजराना एके काळी इंदूरबाहेरचे गाव होते. आज शहराने ते पोटात घेतले आहे आणि शेताच्या वाटेवर पानटपऱ्या आल्या आहेत. मनाची ही सवय हरळीसारखी असते. वरून कापली तरी मुळी जमिनीत राहते. आणि ज्या नवसाला शेवटची तारीख असते, त्यात मन दिवस मोजीत बसते. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की उपवासकाळापुरती बिडी सोडण्याचा नवस करू नये. उपवासकाळात ती सोडण्यास आरंभ करावा.

आम्ही हे वरच्या पायरीवरून सांगत नाही. सेमिनरीत असताना आम्हीही लपून सिगारेट ओढीत होतो. तीनदा सोडली, दोनदा पुन्हा धरली. दुसऱ्या वेळी वाटलेली लाज आठवते. त्या लाजेपोटीच पुढचे कित्येक महिने पुन्हा प्रयत्न केला नाही. डब्लिनचा मजूर मॅट टॅलबट, ज्याला चर्चने १९७५ साली 'पूजनीय' घोषित केले, त्याने दारू सोडली आणि पुढे तंबाखूही; तंबाखू सोडणे त्याला अधिक जड गेले, असे त्याच्याविषयी सांगतात. तेव्हा कोणी पुन्हा पडला तर त्याला पापी म्हणून टोचू नका. संत पेत्रही थंडीच्या रात्री शेकोटीपाशीच तीनदा डगमगला होता, आणि प्रभूने त्याला पुन्हा जवळ केले तेही किनाऱ्यावरच्या विस्तवापाशी.

परंतु क्षमा आहे म्हणून आळस नको. चर्चची शिकवण तंबाखूचा अतिरेक टाळण्यास सांगते, आणि पवित्र आत्म्याचे मंदिर असलेले शरीर सांभाळणे हे आपले कर्तव्य आहे.

उपाय साधे आहेत. दिवस ठरवा आणि घरात सांगा. काडेपेटी खिशात ठेवू नका. तलफ आली की पाच-दहा मिनिटे ढकला. पाणी प्या, बडीशेप चघळा, चार पावले चाला, एक 'हे आमच्या बापा' म्हणा. लाट ओसरते. तंबाखू मळून मात्र खाऊ नका. ते घर बदलणे झाले, व्यसन सुटणे नव्हे. रोजचे तीस रुपये जात असतील तर ते डब्यात टाका. वर्षाला १०,९५० होतात. जमत नसेल तर डॉक्टरांना विचारा. निकोटिनचा च्युइंगमसारखा उपाय मिळतो. सरकारची मोफत फोनसेवाही आहे: १८००-११-२३५६.

आणि रात्री पाण्याला जाणाऱ्यांनो, शेकोटीभोवती ज्याने सोडली आहे त्याच्यापुढे बंडल धरू नका. एवढी बंधुप्रीती आपल्याला सहज जमेल. येत्या ईस्टरला फाटकाबाहेर आम्ही उभे राहू, हात मिळवायला.

तुमचे,
धर्मगुरू