मोबाईलवरचा डॉक्टर आणि पोराची गोळी

गुरुजी ज्याला वांड म्हणतात त्या पोराला एडीएचडी हा विकार असू शकतो. पण त्यावरचे मिथिलफेनिडेट हे औषध मोबाईलवरून लिहून घेता येत नाही. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमावलीत शेड्यूल एक्समधल्या औषधांना तशी मनाईच आहे. चिठ्ठीही दोन प्रतींत लागते. एक दुकानदार २ वर्षे जपून ठेवतो. म्हणून ‘पैसे भरा, गोळी घरपोच’ म्हणणाऱ्याला आम्ही दारात उभे करणार नाही. सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग गाठावा. खाडा पडतो, आम्ही जाणतो. (नियम करणाऱ्यांचा पडत नाही!) निघण्यापूर्वी टेली-मानसच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतून, फुकट, जवळची सोय विचारून घ्या.