उद्याचे शहर बघायला तिकीट नाही, पण प्रश्न विचारावे लागतात

नोकरीसाठी किंवा फिरायला सिंगापूरला जाणारे आपल्याकडचे तरुण मरिना बेसमोर फोटो काढतात, मुस्तफा सेंटरमध्ये खरेदी करतात, सुलतान मशिदीत नमाज पढतात आणि परततात. त्या यादीत एक ठिकाण वाढवावे असे मला वाटते. मॅक्सवेल रोडवरची सिंगापूर सिटी गॅलरी. प्रवेश मोफत. नगररचनेचे काम पाहणाऱ्या सरकारी खात्याने आपल्याच इमारतीत हे कायमचे प्रदर्शन मांडले आहे.

तिथे शहराच्या मध्यभागाची १:४०० प्रमाणातली भलीमोठी प्रतिकृती आहे. उद्याची घरे, रस्ते, पाणी, वाहतूक यांची माहिती पडद्यांवर आहे. पण मला महत्त्वाची वाटली ती पडद्यांमागची पद्धत. तिथला मास्टर प्लॅन पुढच्या दहा-पंधरा वर्षांचा असतो आणि दर पाच वर्षांनी तपासला जातो. २०२५ चा मसुदाही याच इमारतीत लोकांना मोफत दाखवला गेला. आपल्या घरासमोरच्या मोकळ्या जागेवर उद्या काय येणार, हे शाळकरी मुलालाही नकाशावर बोट ठेवून सांगता यावे, असा त्यामागचा विचार आहे.

अशा प्रदर्शनातून बाहेर पडताना एक गैरसमज सोबत यायची भीती असते. शहर यंत्रांमुळे चांगले होते, असे वाटू लागते. सिंगापूरचाच दाखला घेऊ. तिथली चारपैकी तीनहून अधिक माणसे सरकारने बांधलेल्या घरांत राहतात. १९८९ पासून तिथे नियम आहे की प्रत्येक इमारतीत आणि प्रत्येक परिसरात चिनी, मलाय, भारतीय व इतर अशा गटांचे कमाल प्रमाण ठरलेले असेल. एका समाजाची वेगळी वस्ती होऊ नये, हा हेतू. या नियमाचा काच अल्पसंख्याकांनाच जास्त बसतो. घर विकताना त्यांना गिऱ्हाईक कमी मिळते आणि भावही कमी येतो, ही टीका तिथे उघडपणे होते. तरीही शेजारी कोण असावा हा प्रश्न त्या देशाने घरमालकाच्या मर्जीवर सोडला नाही.

आपल्याकडे फोनवर नाव सांगितले की फ्लॅट ‘आत्ताच दिला’ असतो. हा अनुभव या पानाच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. त्यावर कोणताही सेन्सर आणि कोणतेही ॲप इलाज करू शकत नाही. तिथे कायदा लागतो, धोरण लागते आणि ते मागणारे नागरिक लागतात.

दुसरी गोष्ट पाळतीची. सिंगापूरने मार्च २०२० मध्ये कोविडच्या संपर्क-शोधासाठी ‘ट्रेसटुगेदर’ हे ॲप आणले. माहिती फक्त त्याच कामासाठी वापरली जाईल, असे लोकांना सांगितले गेले. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या संसदेत कबूल करावे लागले की गुन्ह्याच्या तपासासाठी पोलीस ती मागू शकतात. ओरड झाली, तेव्हा पुढच्याच महिन्यात कायदा करून तो वापर सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित केला गेला. एका कामासाठी गोळा केलेली माहिती दुसऱ्या कामाला कशी लागते, ते यातून दिसते.

आपल्या देशात स्मार्ट सिटी मिशन २०१५ मध्ये सुरू झाले आणि निवडलेल्या शंभरही शहरांत कॅमेऱ्यांच्या जाळ्याशी जोडलेली नियंत्रण केंद्रे उभी राहिली. २०२१ मध्ये हैदराबादेत लॉकडाऊनच्या काळात पोलिसांनी एका सामाजिक कार्यकर्त्याला रस्त्यात थांबवून त्याचा फोटो काढला. त्या फोटोचे काय करणार, हे त्याने विचारले आणि चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेविरुद्ध तो उच्च न्यायालयात गेला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितले आहे. त्या हक्काचा आधार घेऊन प्रश्न विचारणारा माणूस विकासाच्या आड येत नाही.

महाराष्ट्रातली आठ शहरे त्या मिशनमध्ये होती. मालेगाव आणि भिवंडी त्यांत नव्हती. लाखो हात यंत्रमागावर राबतात ती ही शहरे. उद्याच्या शहराच्या चित्रात त्यांना जागा का मिळाली नाही, हे आपण विचारायला हवे. आणि विचारण्याची जागाही आहे. प्रत्येक महापालिकेला विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून ठराविक मुदतीत लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. हे प्रदर्शन आपल्या दाराशीच असते आणि तेही फुकट. फक्त तिथे रोषणाई नसते, भिंतीवर किचकट नकाशे टांगलेले असतात.

तिथे हरकत घेऊन काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी मुंबई आठवावी. २०१५ च्या फेब्रुवारीत आलेल्या आराखड्याच्या मसुद्यात इतक्या चुका निघाल्या आणि नागरिकांनी इतका आवाज उठवला की दोन महिन्यांत तो रद्द करून नव्याने काम करायचा आदेश सरकारला द्यावा लागला.

म्हणून मित्रांनो, तंत्रज्ञानाचे प्रदर्शन कुठेही लागले तरी जरूर जा. मोहल्ल्यातल्या मुलामुलींनाही न्या. मात्र तिथे उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला विचारा: हा कॅमेरा टिपतो ती माहिती किती दिवस ठेवता? कोणाला देता? या चित्रात भाड्याने राहणारा कुठे आहे? आणि आपल्या गावाचा आराखडा लागेल तेव्हा त्यात आपली गल्ली, शाळेचे आरक्षण, दवाखाना आणि कब्रस्तान शोधा. काही सापडले नाही, तर मुदत संपायच्या आत लेखी हरकत द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.