काढ्याच्या पुडीला चिठ्ठी कां नसावी?

मार्गशीर्षांतील थंडी अंगाला झोंबूं लागली, कीं जालन्याकडील घरोघरीं सकाळच्या चहाच्या पातेल्याशेजारीं काढ्याचें पातेलें चढतें. आजोबांना खोकला, नातवाला पडसें, सूनबाईंचा घसा बसलेला. मोठ्या कुटुंबांत कोणाला ना कोणाला त्याची गरज असतेच. पूर्वीं हा काढा परसांतील तुळशीवर आणि डब्यांतील सुंठीमिऱ्यांवर भागत असे. आतां ‘हर्बल टी’ या नांवाच्या सुबक डब्या बाजारांत आल्या आहेत, आणि त्यांत दालचिनी, ज्येष्ठमध, गुळवेल, अर्जुनाची साल अशीं अनेक द्रव्यें एकत्र कुटलेलीं असतात. इ. स. २०२० च्या साथींत आयुष मंत्रालयानें चार भाग तुळस, दोन भाग दालचिनी, दोन भाग सुंठ व एक भाग मिरें असा काढा सुचविला. त्या वेळीं तर ज्या घरांत काढा नाहीं असें घर विरळा.

हीं द्रव्यें येतात कोठून, हें मात्र आपण क्वचितच विचारतों. जालन्याच्या माणसांना हें विशेष शोभत नाहीं. जालना हें बियाण्यांचें गांव. बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं येथें ‘महिको’ कंपनी काढली, व १९९८ सालीं त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. परतूर-मंठ्याकडील लहानसा शेतकरीसुद्धां बियाण्याची पिशवी घेतांना तिची चिठ्ठी उलटून पाहतो: उगवण शेंकडा किती, शुद्धता किती, तपासणी कोणत्या महिन्याची. १९६६ च्या बियाणे कायद्याच्या पाठबळामुळें ती चिठ्ठी त्याच्या हातीं पडते. कपाशीच्या दाण्याची एवढी चौकशी करणारे आपण, पोटांत जाणाऱ्या पाल्याची मात्र करीत नाहीं! पुडीवर वजन असतें, किंमत असते, आरोग्याचीं आश्वासनें तर भरपूर असतात. परंतु साल कोणत्या रानांतील, ती कोणीं काढली, त्याला काय मिळालें, आणि झाड मागें जगलें कीं वठलें, याबद्दल एक अक्षर नसतें. आपल्या जिल्ह्यांत जंगल नांवापुरतेंच आहे. म्हणजे आपण पितों तें बहुधा दुसऱ्याच्या रानाचें असतें, आणि त्याची झीज आपल्या डोळ्यांना दिसत नाहीं.

वनस्पतीचा कोणता भाग आपण घेतों, यावर पुष्कळ अवलंबून आहे. पान खुडलें तर नवें फुटतें. सालीची गोष्ट निराळी. नदीनाल्यांच्या कांठीं वाढणारा अर्जुनसादडा घ्या. खोडाच्या एका बाजूनें बेताची पट्टी काढली आणि आंतील थर शाबूत राखला, तर जखम भरून येते. पण घाईंत असलेला माणूस खोडाभोंवतीं कडेंच्या कडें सोलतो, आणि मग मुळांकडे अन्न जाण्याची वाटच तुटते. पुढें तें झाड वाळलें म्हणजे लांकूडतोड्याचें फावतें. दालचिनीसुद्धां सालच, परंतु तिची रीतसर लागवड होते, फांद्या छाटून साल काढतात आणि बुंध्याला पुन्हां धुमारे येतात. तेव्हां साल म्हटली कीं वाईटच, असेंहि नव्हे. आपल्या बाजारांतील बरीचशी जाड दालचिनी मात्र व्हिएतनाम-चीनकडील कॅशियाची साल असते. तिच्यांतील कुमारिन हें द्रव्य रोज व पुष्कळ पोटांत गेल्यास यकृताला बाधक. म्हणून लहान मुलांच्या पेल्यांत ती जपून घालावी. कोंकणांतील शेतकरी अस्सल दालचिनी लावतात, आणि दापोलीच्या कृषि विद्यापीठानें ‘कोंकण तेज’ ही तिची जात काढलेली आहे. मिळाल्यास ती घ्यावी. ज्येष्ठमध हें मूळ, आणि तें पुष्कळसें अफगाणिस्तान-इराणकडून येतें. मूळ खणलें म्हणजे झाडाच्या जीवावरच घाव. शिवाय तें अति झाल्यास रक्तदाब वाढतो, म्हणून वडील माणसांनीं वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारल्यावांचून तें नित्य घेऊं नये.

फळांच्या बाबतींत काय करतां येतें, याचा चांगला नमुना महाराष्ट्रांतच आहे. सह्याद्रींत भीमाशंकरच्या बाजूला बेहड्याचे जुने, प्रचंड वृक्ष आहेत. त्यांच्या ढोलींत धनेश पक्षी घरटें करतो. मादी स्वतःला आंत लिंपून घेते आणि नर बाहेरून चारा भरवितो. बेहड्याच्या फळांना भाव नव्हता तोंवर या वृक्षाची किंमत लांकडाची किंमत एवढीच. पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायरन्मेंटल रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेनें तेथील महादेव कोळी मंडळींबरोबर फळें नीट वेंचण्याची शिस्त घातली: झाड तोडावयाचें नाहीं, आणि सगळीं फळें ओरबाडावयाचीं नाहींत. ‘फेअरवाइल्ड’ या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणें तपासणी होऊन हीं फळें वनस्पतींचे चहा विकणाऱ्या ब्रिस्टलच्या ‘पक्का’ कंपनीकडे गेलीं. ब्रिस्टलच्या गिऱ्हाइकाला बेहडा कोणत्या डोंगरावरील हें कळावें, आणि जालन्याच्या गिऱ्हाइकाला कळूं नये, ही गंमत पाहण्यासारखी आहे.

गुळवेलीचें उदाहरण त्याहून जवळचें. ठाणे जिल्ह्यांत शहापूर येथील कातकरी तरुणांनीं वनधन केंद्राच्या द्वारें गुळवेल स्वतः विकण्याचा उद्योग उभारला, व औषधी कंपन्यांकडून मागणी मिळविली. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजावर रानांत राहणाऱ्यांचा मालकी हक्क मान्य केला आहे. पण गोळा करणारा एकटा असला, कीं दलाल सांगेल तो भाव त्याला घ्यावा लागतो. संघटनेचा उपयोग होतो तो येथें. कोणी म्हणेल, असा माल महाग पडतो. पडेलहि. परंतु डबीवरील रंगीत चित्राला आपण जे पैसे मोजतों, त्यांतले थोडे वेल कापणाऱ्या हाताकडे वळले, तर त्यांत आपली ओढ होण्याजोगें कांहीं नाहीं.

व्यवहारांत एवढें करतां येईल. काष्ठौषधीच्या दुकानीं गेल्यावर माल कोठला हें विचारावें. पहिल्या खेपेस दुकानदार हंसेल. दहा घरांनीं विचारलें तर तो आपल्या व्यापाऱ्याला विचारील. अर्जुनाची साल आणि ज्येष्ठमध हीं हौसेच्या चहांतून काढून टाकावीं. तीं औषधें आहेत, वैद्यांनीं सांगितल्यास घ्यावीं. आठवडी बाजारांत गुळवेल घेऊन बसलेल्या बाईशीं दोन रुपयांसाठीं घासाघीस करूं नये. मात्र ओळखीविना गुळवेल घेऊं नये, कारण तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली आहेत.

राहतां राहिलीं पानें, तीं घरींच पिकवावीं. तुळस, अडुळसा आणि गवती चहा यांना विकत घेण्याचें कारणच नाहीं. २०१२-१३ च्या दुष्काळांत या जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, तेव्हां पाण्याचा हिशेब येथें कोणाला शिकवावयास नको. गवती चहा पूर्वीं न्हाणीच्या पाटावर लावीत. हल्लींच्या साबणाचें पाणी त्याला देऊं नये, भाजी व तांदूळ धुतलेलें पाणी द्यावें. मृगाच्या पावसानंतर शेजारच्या घरचा जुना गड्डा उपटून त्याच्या चार-पांच मुळ्या वेगळ्या कराव्या, पानें वीतभर ठेवून छाटावीं आणि हातभर अंतरानें लावावें. कापणी जमिनीपासून चार बोटें वर करावी, म्हणजे पुन्हां फूट येते. पानें सावलींत वाळवून कोरड्या बरणींत भरलीं तर संक्रांतीपर्यंत वास टिकतो.